मिक्चुरिशन म्हंजे नेमकं काय, लघवी होणं का लघवी लागणं?

पऱ्हाटी :
नमस्कार मंडळी. हा धागा काढावा का नाही याचा दोन दिवस विचार केला, घरच्या माणसाचं दुखणं असं सगळ्यायसमोर मांडाव का म्हणून, पण मग वाटलं हे कोणाच्या तरी कामी पडन. तर झालं असं का बाबाले (वय ७१) तीनचार महिन्यांपासून लघवीचा त्रास होता, आमाले पत्ताच नाही. रात्री चारपाच वेळा उठत, आम्ही समजलो म्हातारपण हाय, झोप लागत नसन. शेवटी आग व्हायला लागली तवा तालुक्याले दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं चिठ्ठीवर वरच्या कोपऱ्यात लिवलं, बर्निंग मिक्चुरिशन, फ्रिक्वेन्सी. बाबा जुने सातवी पास हायेत, इंग्रजी अक्षरं लावून वाचतात. मेडिकलवर जाऊन त्यायनं सगळ्या गोळ्या घेतल्या अन् म्हणे ते मिक्चर राहिलं, ते बी दे. मेडिकलवाला पोरगा चांगला होता, त्यानं समजावून सांगतलं का काका हे औषध नाही, हे तुमचं दुखणं लिवलं हाय, मिक्चुरिशन म्हंजे पेशाब करणं.

घरी आल्यावर तो शब्द काही डोक्यातून जाईना. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत एक जुना जाड इंग्रजी शब्दकोश हाय, त्यात पाहिलं. तिथं लिवलं का हा शब्द लॅटिन मिक्टुरिरे वरून आला, अन् मिक्टुरिरे म्हंजे लघवी करणं नाही, लघवी करायची इच्छा होणं. लघवी करण्याले साधा शब्द मिंगेरे वेगळाच हाय. मंग प्रश्न असा का इच्छेचा शब्द क्रियेले कसा काय लागला? अन् आपल्या मराठीत याले नेमकं काय म्हणाव? जाणकारांनी सांगावं.

कुंभारवाडा :
मिक्स वरून नाही का आला? मिक्चर, मिक्चुरिशन. लघवीत सगळं मिसळून येते म्हणून असं मला वाटायचं.

संस्कृतवाली_ताई :
नाही दादा, मिक्स चा इथे काही संबंध नाही, नुसता आवाज सारखा आहे.

पऱ्हाटी भाऊ, शब्दकोशात जे वाचलंत ते अगदी बरोबर आहे. लॅटिनमध्ये क्रियापदाला एक शेपूट लावून 'ती गोष्ट करावीशी वाटणं' असं नवं क्रियापद बनवता येतं. एडेरे म्हणजे खाणं, त्यावरून एसुरिरे म्हणजे भूक लागणं. पारेरे म्हणजे बाळाला जन्म देणं, त्यावरून पार्टुरिरे म्हणजे कळा येणं, बाळंतपणाचा तो जो पार्च्युरिशन शब्द डॉक्टर लोक वापरतात तो यातलाच. तसंच मिंगेरे वरून मिक्टुरिरे. इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकात आला आणि तेव्हा त्याचा अर्थ आजारासारखाच होता, म्हणजे सारखं सारखं जावंसं वाटणं. नंतर डॉक्टर लोकांनी तोच शब्द सरसकट क्रियेला लावला आणि तसाच रुळला. मिक्चुरेट हे क्रियापद तर एकोणिसाव्या शतकात नामावरून उलटं मागे जाऊन बनवलेलं आहे.

आता गंमत बघा, आपल्या संस्कृतातही अगदी हीच सोय आहे. त्याला सन्नन्त म्हणतात, म्हणजे इच्छा दाखवणारा सन् हा प्रत्यय लागलेलं रूप. प्यायची इच्छा पिपासा, जाणायची इच्छा जिज्ञासा, मोक्षाची इच्छा मुमुक्षा, जगायची इच्छा जिजीविषा. आणि लघवी करणे या अर्थाचा संस्कृत धातू आहे मिह्, मेहति. हा मिह् आणि लॅटिन मिंगेरे हे एकाच मुळाचे आहेत. आता मिह् ला पाणिनीच्या नियमानं सन् लावला तर काय होतं, मिमिक्षति! म्हणजे मिक्चुरिशनला संस्कृतात शब्दाला शब्द म्हणून जर काही द्यायचं तर मिमिक्षा. मी हे काल रात्री वहीवर सोडवलं आणि खरं सांगते अंगावर काटा आला, दोन हजार कोसांवरच्या दोन भाषा एकाच धातूला एकाच पद्धतीनं इच्छा जोडतायत.

कुंभारवाडा :
म्हणजे इंग्रजी शब्द आपल्या संस्कृतवरूनच गेला म्हणायचा!

संस्कृतवाली_ताई :
गेला नाही. लॅटिन ही संस्कृतची लेक नव्हे, दोघी बहिणी आहेत, दोघींची आई त्याहून जुनी आणि ती लिहून ठेवलेली नाही. अवेस्तात, ग्रीकमध्ये, जुन्या इंग्रजीतसुद्धा या धातूची भावंडं आहेत. बहीण म्हटल्यानं संस्कृतची किंमत काही कमी होत नाही.

आणि हा मिह् तुमच्या सगळ्यांच्या घरात रोज बोलला जातो. मधुमेह. प्रमेह. शुगर झाली म्हणतो ना आपण, तिच्या मराठी नावात मेह म्हणजे हाच लघवीचा प्रवाह आहे, मधासारखी गोड लघवी. त्यामुळे चिठ्ठीवरचं मिक्चुरिशन आणि शेजारच्या आजोबांचा मधुमेह हे शब्द चुलत भाऊ आहेत.

काढा_आणि_चूर्ण :
ताईंनी फार सुंदर मांडलं. थोडी भर घालतो. चरकानं प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले, दहा कफाचे, सहा पित्ताचे, चार वाताचे, आणि मधुमेह त्या शेवटच्या चारांत येतो. युरोपात लघवीच्या गोडीबद्दल थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरनं लिहिलं ते सतराव्या शतकात. डायबेटिस हा ग्रीक शब्द मात्र गोडीवरून नाही, आरपार वाहून जाणं या अर्थाचा आहे.

आपल्याकडे जुनी माणसं गुप्तरोगाला परमा म्हणायची, अजूनही खेड्यात कधी कधी ऐकू येतं, तो परमा म्हणजे प्रमेहच झिजून झालेला.

एक विचारतो ताई, यास्काच्या निरुक्तात, म्हणजे शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या त्या जुन्या ग्रंथात, मेघ शब्दसुद्धा मेहति वरूनच दिलाय ना? जो शिंपतो तो मेघ.

संस्कृतवाली_ताई :
हो, निरुक्तात तसंच आहे. आजचे भाषाशास्त्रज्ञ मात्र मेघाचा धातू बहुधा वेगळा धरतात, धुकं, आभाळ भरून येणं या अर्थाचा. पण मिह् चा मूळ अर्थ धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, सेचन म्हणजे शिंपणं असाच दिलाय, त्यामुळे यास्काला तसं वाटणं स्वाभाविक होतं.

पऱ्हाटी :
ताई, मी हे सगळं बाबाले वाचून दाखवलं. मेघ म्हटल्यावर म्हणे, यंदा तो बी तुंबूनच हाय.

पण माहा दुसरा प्रश्न राहिला. आपल्या मराठीत काय?

संस्कृतवाली_ताई :
तेच सांगणार होते. लघुशंका हा शब्द घ्या. शंका म्हणजे इथे संशय नव्हे, वाटणं, चाहूल, हाजत. लघु म्हणजे लहान. संडासची ती दीर्घशंका. म्हणजे आपल्याकडेही आधी नाव पडलं ते वाटण्याला, आणि मग 'लघुशंकेला जाऊन येतो' असं करत ते क्रियेवर गेलं. जे मिक्चुरिशनचं झालं तेच मराठीत झालं, कोणी कोणाचं बघून केलं नाही. लघवी सुद्धा तिथलाच, संस्कृतात लघु चं स्त्रीलिंगी रूप लघ्वी, शंका स्त्रीलिंगी, म्हणून ती लघ्वी. पुढे शंका गळून पडली आणि लघवी उरली.

बाकी मूत हा सरळ मूत्र, मुत्त, मूत असा प्राकृतातून आला, त्यात वाईट काही नाही, शेकडो वर्षं आपल्या खापरपणज्या तोच शब्द बोलल्या. पेशाब फारसी, पेश म्हणजे पुढे आणि आब म्हणजे पाणी. मूत्रविसर्जन हा पुस्तकी शब्द, सृज् म्हणजे सोडणं, उत्सर्ग उत्सर्जन त्यातलेच. या शब्दात इच्छा नाही, फक्त सोडणं आहे.

सिस्टर_नाइटड्यूटी :
मी बरेच दिवस फक्त वाचते, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी १४ वर्षं वॉर्डात काम करते. पऱ्हाटी दादा, तुमचा जो प्रश्न आहे ना, होणं का लागणं, तो नुसता डिक्शनरीचा प्रश्न नाहीये, पेशंटचं अर्धं निदान त्यात अडकलेलं असतं.

ब्लॅडर म्हणजे मूत्राशय ही स्नायूची पिशवी आहे. मोठ्या माणसाला साधारण दीडशे ते दोनशे एमएल भरलं की पहिली जाणीव होते, आणि चारपाचशे एमएल पर्यंत माणूस धरू शकतो. पिशवी ताणली की नसांमधून निरोप कमरेच्या खाली मणक्यात जातो, तिथून वर मेंदूत. मेंदूच्या देठात पॉन्स म्हणून भाग आहे, तिथे लघवी सोडायचं केंद्र आहे, बॅरिंग्टन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १९२० च्या दशकात मांजरांवर ते शोधलं. त्यावर मोठा मेंदू बसलेला, तो म्हणतो थांब, एसटीत आहेस, पाहुण्यात आहेस. जागा मिळाली की तो परवानगी देतो, पिशवी आवळते, खालचा दरवाजा सैल होतो. लहान लेकराच्या मोठ्या मेंदूचं हे थांब म्हणणं अजून शिकून व्हायचं असतं म्हणून ते ओलं करतं.

तर लागणं आणि होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आजारात दोघींची ताटातूट होते. इन्फेक्शनमध्ये पिशवी आतून सुजते, मग वाटीभरही भरलेलं नसताना लागते, सारखी लागते, गेलं की चार थेंब. हा बघा मिक्चुरिशनचा जुना अर्थ जसाच्या तसा. आणि प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, मोठी झाली की उलट, पिशवी भरलेली पण रस्ता दाबलेला. काही म्हाताऱ्यांना तर हळूहळू सवय होऊन पिशवी फुगलेली कळतही नाही, दुखतही नाही, ती वरून वरून थोडी सांडते आणि त्यांना वाटतं लघवी होतेय की. शुगरमध्ये तिसराच प्रकार, दर वेळी भरपूर होते, दिवसाला तीन लिटरच्या वर गेली तर त्याला पॉलियुरिया म्हणतात. वारंवार जाणं आणि जास्त होणं हे एक नव्हे. रात्री त्यासाठी उठावं लागणं नॉक्टुरिया, आग किंवा त्रास डिस्युरिया.

दादा, तुमच्या बाबांची सोनोग्राफी झाली का? लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते ते बघितलं का?

पऱ्हाटी :
सिस्टरताई, तुमचा मेसेज वाचला अन् दुसऱ्याच दिवशी बाबाले घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. काल रात्री परत आलो म्हणून उशीर झाला लिवायले.

पहिल्या दवाखान्यात काय झालं होतं ते आता समजलं. डॉक्टरनं विचारलं होतं, बाबा लघवीला जाता ना? बाबा म्हणे, जातो ना, दिवसातून दहा वेळा जातो. खरंच सांगतलं त्यायनं. जातच होते. पण जाऊन काय होते हे ना त्यायनं विचारलं ना यायनं सांगतलं. अन् मी बाजूले उभा होतो, मले बी सुचलं नाही. आग होते एवढंच धरून गोळ्या दिल्या, त्या चुकीच्या नव्हत्या पण अर्ध्याच होत्या.

काल सोनोग्राफीवाल्यानं लघवी करून याले सांगतलं, बाबा जाऊन आले, अन् त्यानंतर बी पिशवीत साडेसातशे एमएल निघाली. प्रोस्टेट वाढलेली. लगेच नळी टाकली, पिशवी लावली. डॉक्टर म्हणे अजून काही महिने असंच चाललं असतं तर किडनीवर गेलं असतं. बाबा गाडीत येतांना म्हणत होते, मले वाटलं म्हातारपणी धार अशीच बारीक होते, पोराले काय सांगाव.

आठवडाभर एक गोळी द्यायची हाय रस्ता सैल व्हायले, मंग नळी काढून पाहणार.

सिस्टर_नाइटड्यूटी :
बरं झालं गेलात. साडेसातशे म्हणजे खूपच. नळी खालच्या पातळीवर ठेवा, बॅग पलंगाच्या वर कधी नेऊ नका, पाणी बंद करू नका. आणि नळी काढल्यावर जर अजिबात झाली नाही आणि ओटीपोट फुगून दुखायला लागलं तर सकाळची वाट बघू नका, रात्री असलं तरी न्या.

वेचाबोंडी :
मी आशा सेविका आहे, मेळघाटाच्या पायथ्याकडे. धागा पुरा वाचला. माणसाईचं झालं, आता बायाचं पण ऐका.

तुम्ही डिक्शनरीत लागणं अन् होणं शोधून रायले, आमच्या बायाईच्या जिभेवर हे सगळे शब्द हायेतच. लघवी लागली, लघवी झाली, लघवी तुंबली, अडली, सुटली, थेंबथेंब येते, तिडीक मारते, गरम होते, उन्हाळी लागली. एवढे शब्द हायेत पण दवाखान्यात गेल्यावर एक पण तोंडातून निघत नाही. म्हणते कंबर दुखते. म्हणते अशक्तपणा हाय. मी बाजूले घेऊन विचारलं का, बाई जळते का, तवा कुठं मान हालवते. अन् अंगावर पांढरं जाणं अन् लघवीची आग हे दोन्ही एकच समजून सांगतात, ते बी वेगळं करून विचाराव लागते.

अन् कारण काय, तर धरून ठेवणं. कापूस वेचायले सकाळी सातले जातात. पऱ्हाटी उभी असते तवर थोडा आडोसा असते, तूर उंच झाली का तुरीचं बरं, पण उलंगवाडी झाली, म्हंजे कापसाचा हंगाम सरला का वावर उघडंबोडकं, धुऱ्यावर पण झाड नाही. मंग दिवसभर धरून ठेवतात, अन् धरायचं काम पडू नये म्हणून पाणीच पित नाहीत. एप्रिल मे मध्ये आमच्याकडं ४५ डिग्री, त्यात पाणी नाही पिलं का मुतखडा अन् उन्हाळी ठरलेलीच. बसस्टँडवर तीच गत, बाजाराच्या गावी तीच गत. घरी संडास बांधलेला असला तरी बाई दिवसाचे दहा तास घरी नसते ना.

काढा_आणि_चूर्ण :
ताई, तुम्ही जे लिहिलंत त्यावर चरकाचा एक अख्खा अध्याय आहे. सूत्रस्थानातला सातवा, नाव न-वेगान्-धारणीय. तेरा वेग सांगितले जे धरून ठेवू नयेत, त्यात पहिलं नाव मूत्राचं. धरलं तर काय होतं तेही दिलंय, ओटीपोटात आणि मूत्रमार्गात शूळ, लघवी कष्टानं होणं, डोकं दुखणं, वाकून चालावं लागणं, जांघेत ताण. बघा, तिथंही शब्द वेग आहे, म्हणजे पुन्हा ती हाजतच.

उन्हाळी लागली तर धने रात्री भिजवून सकाळी ते पाणी, सब्जा, गोखरूचा काढा हे आपल्याकडे चालतं, पळसाच्या फुलांचा शेक ओटीपोटावर देतात. पण ताप आला, थंडी वाजली, लघवीत रक्त दिसलं, बाई गरोदर असली तर घरगुती करत बसायचं नाही, तपासणी करायची. मी स्वतः तसे पेशंट लगेच पुढे पाठवतो.

वेचाबोंडी :
डॉक्टर साहेब, वेग धरू नये हे त्यायले चरकानं सांगाची गरज नाही, त्यायले माहीत हाय. सोडाव कुठं हे कोणी सांगतलं नाही.

काढा_आणि_चूर्ण :
खरं आहे ताई. माझ्याकडे याचं उत्तर नाही.

संस्कृतवाली_ताई :
वेचाबोंडी ताई, तुमच्या पोस्टमधले शब्द मी वहीत उतरवून घेतले. तुंबणं, अडणं, सुटणं, तिडीक. मी वीस वर्षं भाषा शिकवते आणि मूत्रकृच्छ्र, मूत्राघात हे शब्द मुलांकडून पाठ करून घेते, कृच्छ्र म्हणजे कष्टानं होणं, आघात म्हणजे अडणं, पण कुणाला दवाखान्यात तिडीक मारते म्हणायला शिकवलं नाही.

वेचाबोंडी :
ताई तुमच्यासारख्या बाईनं ते वहीत लिवलं हेच लय झालं. पऱ्हाटी भाऊ, एक काम करा ना, डॉक्टरले काय काय सांगाव ते सोप्या बोलीत लिवून द्या, आमची महिन्याची बैठक हाय, मी वाचून दाखवीन.

पऱ्हाटी :
बाबा अन् मी बसून लिवलं, बाबाचेच शब्द हायेत, सिस्टरताईनं तपासून द्यावं.

लागते का, अन् किती वेळात परत लागते. लागल्यावर धरवते का, का पळाव लागते. गेल्यावर लगेच सुरू होते का उभं राहाव लागते. धार हाय का थेंब. झाल्यावर मोकळं वाटते का अजून राहिली असं वाटते. आग पहिले होते, मधात होते का शेवटी होते. रंग कसा. रात्री किती वेळा उठलो. दिवसभरात पाणी किती पिलं.

सिस्टर_नाइटड्यूटी :
काही बदलायचं नाही. फक्त बायांच्या कागदात हे टाका, दिवसभरात किती तास धरून ठेवता. हा प्रश्न आमच्या केसपेपरवर छापलेला नसतो, मी उद्यापासून हातानं लिहिणार आहे.

पऱ्हाटी :
आज नळी काढली. सकाळी ९ ले काढली अन् पाणी पाजून बसवलं. १० वाजले, ११ वाजले, काही नाही. मी बाहेर बाकड्यावर, बाबा आत, मले सिस्टरताईचं ते ओटीपोटाचं लिवलेलं आठवून रायलं होतं. साडेअकराले बाबा भिताडाले धरून बाहेर आले, म्हणे लागली. म्हटलं चाला. मी दरवाज्याबाहेर उभा राहिलो. लय वेळानं आवाज आला, थेंबाचा नाही, धारीचा.

सोनोग्राफीत आता पन्नास एमएल उरली. डॉक्टरनं विचारलं, काय बाबा, लघवीले गेलते का? बाबा म्हणे, लागली बी अन् झाली बी, दोन्ही लिवा.